कंपनीतल्या गैरव्यवहाराची बातमी नव्याने लिहिताना कोणता शब्द बदलायचा आणि कोणता नाही?

नौपाडा_डेस्क

ठाणे आणि नवी मुंबईच्या बातम्या देणारं आमचं छोटं संकेतस्थळ आहे. आर्थिक बातम्या बहुतेक वेळा वृत्तसंस्थेच्या प्रतीवरून नव्याने लिहिल्या जातात. मजकूर जसाच्या तसा उचलायचा नाही, म्हणून डेस्कवरची मुलं समानार्थी शब्द घालतात. काही जण शब्द बदलून देणारं साधन वापरतात. पाणीकपात, वाहतूककोंडी, क्रिकेट यांत ते चालून जातं. कंपनीचा गैरव्यवहार आला की गाडी अडते. नमुना देतो, नावं काढली आहेत आणि आकडे बदलले आहेत.

मूळ प्रत: "आर्थिक गुन्हे शाखेने कंपनीच्या दोन माजी संचालकांविरुद्ध गुन्हा दाखल केला आहे. उपकंपनीला दिलेल्या ४८ कोटी रुपयांच्या आगाऊ रकमेची कागदपत्रे मिळाली नसल्याचे लेखापरीक्षकांनी अहवालात नमूद केले होते. कंपनीने आरोप फेटाळले. आठवडाभरात शेअर १८ टक्क्यांनी घसरला."

शब्द बदलल्यावर: "पोलिसांनी कंपनीच्या दोन माजी मालकांवर आरोप ठेवले. सहयोगी कंपनीमार्फत ४८ कोटींचा अपहार झाल्याचे लेखापरीक्षकांनी उघड केले. कंपनीने आरोप खोडून काढले. आठवडाभरात भागीदारांचे १८ टक्के पैसे बुडाले."

नव्या मुलांच्या हातात द्यायला एक यादी करायची आहे. घोटाळा, गैरव्यवहार, अपहार, अफरातफर, फसवणूक यांतला कोणता शब्द कुठे? 'कथित' किती वेळा? आणि एकच शब्द चारदा आला की परिच्छेद रटाळ होतो, त्याला उपाय काय?

वाशी_उपसंपादक

चार वाक्यांत आठ ठिकाणी अर्थ बदलला आहे, आणि एक सोडून बाकी सगळ्या वेळा कंपनीच्या किंवा त्या दोघांच्या विरुद्ध बाजूला. हे लक्षात घ्या. शब्दकोश जवळचा म्हणून जो शब्द सुचवतो तो बहुतेकदा जास्त भडक असतो, कारण भडक शब्द जास्त वापरात असतात.

संचालक म्हणजे मालक नव्हे. संचालकाकडे एकही शेअर नसू शकतो. 'प्रवर्तक', म्हणजे कंपनी उभी करणारा, हा तिसराच शब्द, तोही या दोघांना पर्याय नाही. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला आखूड करून 'मुख्याधिकारी' लिहिण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती मोडा. महाराष्ट्रात मुख्याधिकारी नगरपरिषदेत असतो.

'आरोप ठेवणे' हे न्यायालयाचं काम, पोलिसांचं नाही. वकील मंडळी यावर जास्त सांगतील.

'नमूद केले' आणि 'उघड केले' यांत फरक असा की, उघड तेच होतं जे खरं असतं. लेखापरीक्षकाने फक्त कागद मिळाला नाही एवढंच म्हटलं आहे. तसंच 'फेटाळले' म्हणजे मान्य नाही म्हटलं, 'खोडून काढले' म्हणजे पुरावा देऊन खोटं ठरवलं. आठांपैकी हा एकच शब्द कंपनीच्या बाजूने गेल्यासारखा दिसतो, पण उद्या आरोप टिकले तर हेच वाक्य तुमच्या अंगावर येईल, आणि कंपनीच्या तोंडी न केलेला दावा घातल्याचा ठपकाही.

सांगणारी क्रियापदं अशी लावा: 'म्हटले', 'सांगितले', 'नमूद केले' तटस्थ आहेत आणि ती कितीही वेळा आली तरी वाचकाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. 'स्पष्ट केले' म्हटलं की बोलणाऱ्याचं म्हणणं तुम्ही खरं धरलंत. 'दावा केला' म्हटलं की शंका घेतलीत. म्हणून पोलिसांनी 'सांगितले' आणि कंपनीने 'दावा केला' असं एकाच बातमीत लिहू नका. 'कबूल केले' फक्त खरोखर कबुली असेल तेव्हा. फोन उचलला नाही तर 'प्रतिसाद मिळू शकला नाही' लिहा, 'मौन बाळगले' नको. हिंदी प्रतीवरून लिहिताना 'खुलासा' जपून वापरा. तिकडे त्याचा अर्थ गौप्यस्फोट होतो, आपल्याकडे स्पष्टीकरण. 'कंपनीच्या घोटाळ्याचा खुलासा' हे मराठीत उलटंच वाचलं जातं.

आता कामाची पद्धत. मूळ प्रत समोर ठेवून शब्दाला शब्द लावत बसू नका. आधी कोऱ्या कागदावर तपशील उतरवा: कोणी, कोणाविरुद्ध, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, रक्कम किती आणि ती कशाची, काळ कोणता, माहिती कोणत्या कागदातून आली. मग प्रत बंद करा आणि त्या टिपणावरून लिहा. वाक्यरचना आपोआप तुमची होते. ठाण्याच्या वाचकाला आधी काय हवं ते वर घ्या, म्हणजे कंपनीचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे की महापेला, कामगारांचे पगार चालू आहेत का, ठेवी अडकल्यात का. त्यानंतर मूळ प्रत उघडून फक्त नावं, आकडे आणि कायद्याचे शब्द ताडून पाहा.

शब्द बदलला तरी रचना आणि क्रम तोच राहिला तर ती उचलेगिरीच राहते, आणि वर अर्थही बिघडतो. वृत्तसंस्थेचा उल्लेख करायला लाजू नका. त्याहून बरं म्हणजे मूळ कागद गाठा. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीने बाजाराला दिलेलं निवेदन बीएसई-एनएसईच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीचे आदेशही तसेच खुले असतात.

बेलापूर_वकील

टप्प्यांचे शब्द एकमेकांच्या जागी कधीच चालत नाहीत. क्रम असा: तक्रार अर्ज, प्राथमिक चौकशी, गुन्हा दाखल, तपास, आरोपपत्र, आरोप निश्चिती, खटला, निकाल. 'चौकशी' आणि 'तपास' हेही वेगळे. व्यापारी व्यवहारांतल्या तक्रारींत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करायला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने मुभा दिली आहे, त्यामुळे आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज काही काळ नुसता चौकशीतच असू शकतो. अशा वेळी 'गुन्हा' हा शब्दच येता कामा नये. आरोपपत्र पोलीस दाखल करतात, आरोप न्यायालय निश्चित करतं. नमुन्यातलं 'आरोप ठेवले' हे वाक्य गुन्हा दाखल होण्यापासून थेट आरोप निश्चितीपर्यंत उडी मारतं. मधे काही वर्षं असू शकतात.

सुटकेचे शब्दही तसेच. खटला सुरू होण्याआधी न्यायालयाने सोडलं तर 'दोषमुक्त', खटला चालून सोडलं तर 'निर्दोष मुक्तता', जामीन मिळाला तर फक्त जामीन. पोलिसांनी समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दिला की सगळीकडे 'क्लीन चिट' छापून येतं. महाराष्ट्रात 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा माग नाही, 'ब' म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. तिन्हींचा अर्थ पार वेगळा, आणि न्यायदंडाधिकाऱ्याने स्वीकारेपर्यंत ते फक्त पोलिसांचं म्हणणं. अक्षर छापा, क्लीन चिट नको.

तुम्ही विचारलेले पाच शब्द. 'फसवणूक' म्हणजे खोटं सांगून समोरच्याला पैसे द्यायला लावणं, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. 'अपहार' आणि 'अफरातफर' म्हणजे हाती आलेली दुसऱ्याची रक्कम स्वतःसाठी वळवणं. रक्कम विश्वासाने सोपवलेली असेल आणि 'विश्वासघात' जोडून आला तर कलम ३१६. हिशेबाच्या वह्यांत खोट्या नोंदी करणं हे ३४४. 'गैरव्यवहार' मोकळा शब्द आहे, कोणत्याही कलमाशी बांधलेला नाही, म्हणून सगळ्यांत सोयीचा. 'अनियमितता' नियमभंगापुरता. फसवणुकीच्या कलमाखाली गुन्हा असताना अनियमितता लिहिलं तर तुम्ही बातमी सौम्य करता, तेही चूकच.

एक सापळा नवा आहे. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी घडलेल्या कृत्यासाठी आज गुन्हा नोंदवला तरी कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतात. प्रतीत ४२० असेल तर ते 'अद्ययावत' करून ३१८ करू नका.

केंद्रीय यंत्रणांबद्दल. ईडीचं मराठी नाव कोणी 'सक्तवसुली संचालनालय' लिहितं, कोणी 'अंमलबजावणी संचालनालय'. एक निवडा आणि बातमीभर तेच ठेवा, नाहीतर वाचकाला दोन यंत्रणा वाटतात. मालमत्तेवर 'तात्पुरती टाच' आली असेल तर 'जप्त' लिहू नका. ती टाच १८० दिवसांपर्यंत असते आणि न्यायनिर्णय प्राधिकरणाने कायम करावी लागते. सरकारजमा होणं त्याच्याही पुढची गोष्ट. ईडी जी नोंद करते त्या ईसीआयआरला एफआयआर म्हणू नका. दोन्ही एक नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. सेबी कोणाला 'दोषी' ठरवत नाही, नियमभंग झाल्याचा निष्कर्ष काढते, तोही आधी अंतरिम आदेशात आणि नंतर अंतिम आदेशात. त्यावर ४५ दिवसांत सॅटकडे, म्हणजे रोखे अपील न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. सेबीशी तडजोड केली तर बहुतेकदा ती आरोप मान्य किंवा अमान्य न करता असते, तिथे 'दंड भरून गुन्हा कबूल' लिहिणं सरळ बदनामीकारक.

बदनामीचं कलम आता ३५६, दोन वर्षांपर्यंत साधी कैद. न्यायालयाच्या कामकाजाचा सारतः खरा वृत्तांत छापला तर त्यातून सूट आहे. 'सारतः खरा' हे महत्त्वाचं. समानार्थी शब्दांच्या खेळात नेमकं तेच हातातून जातं.

ऐरोली_सीए

सहयोगी आणि भागीदार हे दोन शब्द लेखापालाच्या नजरेतून पाहा. उपकंपनीत मुख्य कंपनीचा मतदान हक्क निम्म्याहून जास्त असतो किंवा संचालक मंडळावर ताबा असतो. सहयोगी कंपनीत साधारण २० टक्क्यांपासून पुढे, पण ताबा नसतो. उपकंपनीला दिलेले ४८ कोटी हे घरातल्या घरात फिरलेले पैसे असू शकतात, सहयोगीला दिलेले बाहेर गेलेले. शब्द बदलला की आरोपच बदलला. भागधारक, भागीदार, सभासद, ठेवीदार, कर्जरोखेधारक हे पाचही वेगळे लोक आहेत. भागीदार भागीदारी संस्थेत असतो, सभासद सहकारी बँकेत किंवा पतपेढीत. पैसे परत मिळण्याच्या रांगेत प्रत्येकाची जागा निराळी असते, म्हणून वाचकाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

शेअर १८ टक्क्यांनी घसरला म्हणजे पैसे 'बुडाले' नाहीत, बाजारमूल्य कमी झालं.

रकमेचा शब्द सगळ्यांत जास्त चुकतो. सत्यम या आयटी कंपनीचं उदाहरण घ्या, कारण तिथे आकडे लेखी आहेत. तिचे अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्रात ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदाबद्दल चार गोष्टी होत्या: रोख आणि बँकेतली ५,०४० कोटींची शिल्लक अस्तित्वातच नाही, ३७६ कोटींचं जमा व्याज खोटं, १,२३० कोटींचं देणं दाखवलेलं नाही, आणि येणी ४९० कोटींनी फुगवलेली. बेरीज ७,१३६ कोटी. ही 'चोरलेली' रक्कम नव्हती, कागदावर उभी केलेली रक्कम होती. त्याच पत्रात त्या तिमाहीचा महसूल २,७०० कोटी दाखवला पण खरा २,११२ कोटी, आणि परिचालन नफा ६४९ दाखवला पण खरा ६१ कोटी, असं आहे. दोन्हीकडे फरक ५८८ कोटींचाच, कारण खोट्या विक्रीला खर्च नसतो, ती सगळी नफ्यात उतरते आणि मग तेवढीच खोटी रोकड दाखवावी लागते. आता यात कोणी 'महसूल'च्या जागी 'नफा', 'उत्पन्न' किंवा 'उलाढाल' घातलं तर सगळं गणित कोसळतं. 'फुगवलेले हिशेब' लिहायच्या जागी '७,१३६ कोटींचा अपहार' लिहिणं चूक. कंपनी कायद्याच्या ४४७ व्या कलमातल्या फसवणुकीच्या व्याख्येत प्रत्यक्ष फायदा-तोटा झालाच पाहिजे असं नाही, त्यामुळे पैसा कोणी खिशात घातला हे सिद्ध न होताही ती फसवणूक असू शकते.

दिवाळखोरीबद्दलही एक. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने प्रकरण दाखल करून घेतलं की 'कंपनीचं दिवाळं निघालं' छापतात. ती निराकरण प्रक्रियेची सुरुवात असते, त्यात कंपनी दुसऱ्याच्या हाती जाऊन चालूही राहते. मोडीत काढणं म्हणजे अवसायन, तो वेगळा आदेश. आणि 'फॉरेन्सिक ऑडिट' (गैरव्यवहार शोधण्यासाठीची हिशेबतपासणी) आहे तसंच राहू द्या. 'न्यायवैद्यक लेखापरीक्षण' वाचून सामान्य माणसाला शवविच्छेदन आठवतं.

इंग्रजी प्रतीतला बिलियन म्हणजे १०० कोटी, मिलियन म्हणजे १० लाख. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि रात्री अकरा वाजता तरीही चुकतं. रूपांतर दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

कोपरी_मुद्रितशोधक

'कथित'बद्दल कोणी बोललं नाही. हा शब्द शंका असलेल्या गोष्टीला लावायचा, माहीत असलेल्या गोष्टीला नाही. 'कथित गैरव्यवहारातील आरोपी' बरोबर. 'गैरव्यवहारातील कथित आरोपी' चूक, कारण तो आरोपी आहे हे नक्की आहे, गैरव्यवहार झाला का हेच ठरायचं आहे. 'कथित तक्रार', 'कथित अटक' हे प्रकारही दिसतात, ते काढा. परिच्छेदात एकदा पुरतो. पुढे 'तक्रारीनुसार', 'आरोपपत्रात म्हटल्याप्रमाणे', 'आदेशातील निष्कर्षानुसार' असा उगम सांगा. ते नुसत्या 'कथित'पेक्षा जास्त माहिती देतं आणि जास्त सुरक्षितही आहे. 'संशयित आरोपी' हा जोडशब्द टाळा. गुन्ह्यात नाव आहे तर आरोपी, नाही तर 'चौकशीसाठी बोलावलेले'.

बातमीचा मजकूर नीट झाला तरी मथळा, छायाचित्राखालची ओळ, मोबाइलवर जाणारी सूचना, टॅग आणि पानाचा पत्ता यांत जुना शब्द तसाच राहतो. 'घोटाळेबाज' मजकुरातून काढला पण पत्त्यात रोमन लिपीत बसलेला आहे, हे नेहमी होतं. पत्ता पहिल्यांदा बनवतानाच नाव आणि टप्पा एवढंच ठेवा.

रटाळपणाचं उत्तर: नाम बदलू नका, वाक्य बदला. 'कंपनी' चारदा आलं तर एखादं वाक्य कर्त्याशिवाय लिहा, दोन वाक्यं जोडा, एखादं तारखेपासून सुरू करा. एकाच गोष्टीसाठी चार शब्द वापरले की वाचक चार गोष्टी शोधतो.

नौपाडा_डेस्क

सगळ्यांचे आभार. 'घोटाळा' पूर्णच बंद करायचा का? मथळ्यात 'गैरव्यवहार' लांबतो.

वाशी_उपसंपादक

माझ्या मते दोषसिद्धी होईपर्यंत आपल्या शब्दांत नको. कोणी म्हटलं असेल तर अवतरणात, कोणी म्हटलं ते सांगून. सत्यममध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने ९ एप्रिल २०१५ ला दहा जणांना दोषी धरलं. त्यानंतर 'सत्यम घोटाळा' लिहायला काहीच हरकत नाही.

ऐरोली_सीए

इतकं ताठ धरायची गरज नाही असं मला वाटतं. सत्यमच्या बाबतीत ७ जानेवारीलाच अध्यक्षाची लेखी कबुली होती. निकालाला सहा वर्षं लागली, तोवर 'कथित' लिहीत राहणं वाचकाची दिशाभूल ठरलं असतं. प्रकरणाला घोटाळा म्हणणं आणि माणसाला घोटाळेबाज म्हणणं यात अंतर आहे.

बेलापूर_वकील

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. लेखी कबुली, नियामकाचा अंतिम आदेश किंवा दोषसिद्धी, यांपैकी एक हातात असेल तर प्रकरणाला तो शब्द लावा. व्यक्तीला मात्र दोषसिद्धीशिवाय नाही. आणि 'फरार' हाही त्याच जातीचा शब्द. न्यायालयाने तसं घोषित केलं असेल तरच, नाहीतर 'परदेशात असल्याचे पोलिसांनी सांगितले'. २०१८ च्या कायद्याखाली 'फरार आर्थिक गुन्हेगार' घोषित झालेला माणूसही त्या घोषणेने दोषसिद्ध होत नाही. कायद्याने दिलेलं ते नाव आहे, पूर्णच लिहा. त्यातला 'गुन्हेगार' तोडून वेगळा वापरू नका.

नौपाडा_डेस्क

मग नमुना असा झाला, पाहा:

"महापे येथील कंपनीच्या दोन माजी संचालकांविरुद्ध नवी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा दाखल केला आहे. कंपनीने उपकंपनीला ४८ कोटी रुपये आगाऊ दिले होते. या व्यवहाराची कागदपत्रे मिळाली नाहीत, असे लेखापरीक्षकांनी अहवालात म्हटले होते. आरोप मान्य नसल्याचे कंपनीने शेअर बाजाराला कळवले. गेल्या आठवडाभरात शेअरचा भाव १८ टक्क्यांनी उतरला."

कोपरी_मुद्रितशोधक

चांगलं झालं. महापे ठाणे जिल्ह्यात असलं तरी पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, ते नीट लिहिलंत. गडबडीत 'ठाणे पोलीस' होतं. मूळ प्रतीत कंपनीने आरोप कुठे फेटाळले हे नव्हतं. 'शेअर बाजाराला कळवले' हे तुम्ही निवेदन पाहून लिहिलं असेल तरच ठेवा, नाहीतर 'कंपनीने आरोप फेटाळले' एवढंच.

ऐरोली_सीए

'माजी' तपासा. आगाऊ रक्कम दिली तेव्हा ते दोघे पदावर होते का, हे या वाक्यावरून कळत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांच्या नियुक्तीच्या तारखा मिळतात. पद सोडल्याची नोंद डीआयआर-१२ अर्जात असते, तो बदलानंतर ३० दिवसांत भरावा लागतो. रक्कम दिल्याची तारीख त्या दोन तारखांच्या मधे असेल तर 'तत्कालीन संचालक' लिहा. नसेल तर गुन्ह्यात त्यांचं नाव का आहे हे आधी आर्थिक गुन्हे शाखेला विचारा, मग बातमी सोडा.